आधी माप, मग अवजार : काडतुसाच्या पितळी पुंगळीची तयारी

गेल्या वेळी आपण व्हर्नियर आणि मायक्रोमीटर यांच्यातला फरक पाहिला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "हे सगळं प्रत्यक्ष कामात कसं उतरतं, ते एकदा दाखवा ना." म्हणून आज आम्ही असं एक काम निवडलंय, ज्यात माप चुकलं तर नुसता जॉब रिजेक्ट होऊन भागत नाही. इथे चूक चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटू शकते. विषय आहे, वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी करणं आणि त्यासाठी अवजारं निवडणं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे काम घरच्या बाकावर चालतं ते मुख्यतः अमेरिकेत. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरातल्या श्रोत्यांनी हे मापनाचा धडा म्हणून ऐकावं. परदेशातल्या श्रोत्यांनी आपापल्या ठिकाणचा कायदा आधी वाचावा.

आणखी एक खुलासा. नेमबाजी म्हटलं की आपल्याला स्वप्नील कुसाळे आठवतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक त्यांनी मिळवलं. पण त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस लागतं आणि ते पुन्हा भरता येत नाही. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या दुमडीत असतो आणि फायरिंग पिन ती दुमडच चेपते. आज आपण बोलतोय सेंटरफायर काडतुसाबद्दल, म्हणजे बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेल्या काडतुसाबद्दल. उदाहरण म्हणून .३०८ विंचेस्टर घेऊ. हे १९५२ साली बाजारात आलं आणि आजही लांब पल्ल्याच्या स्पर्धांत दिसतं.

पुंगळीवर नेमकं काय गुदरतं

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. खालून वर पाहिलं तर जाड बूड, मग अंग, मग उतरता खांदा, मग अरुंद मान आणि शेवटी तोंड. बार उडतो तेव्हा .३०८च्या आत दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो, म्हणजे हा जवळजवळ दोन हजार पट झाला. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आकसते. आकसते म्हणूनच ती बाहेर काढता येते.

पण ती पूर्वीसारखी राहत नाही. तीन गोष्टी होतात. एक, खांदा पुढे सरकतो. दोन, डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणली की पितळ वर चढतं आणि लांबी वाढते. तीन, मान प्रत्येक वेळी ताणली आणि दाबली गेल्याने कडक होत जाते. पुंगळीची तयारी म्हणजे या तीन बदलांचा हिशेब ठेवणं. प्रत्येक अवजार यांपैकी कशावर तरी उतारा म्हणून आलेलं आहे. म्हणून दुकानात जाऊन "सगळ्यात चांगलं कुठलं?" असं विचारण्यात अर्थ नाही. आपल्या पुंगळीत दोष कुठला आहे आणि तो आपण मोजलाय का, हा खरा प्रश्न आहे.

पहिली खरेदी मोजमापाची

पहिलं अवजार डिजिटल कॅलिपर. वर्कशॉपवाले ज्याला "थाउ" म्हणतात, तो म्हणजे एक हजारांश इंच, सुमारे ०.०२५ मिलिमीटर. चांगल्या कॅलिपरची अचूकता साधारण एक थाउ असते. पडद्यावर अर्धा थाउ दिसला, म्हणून तो खरा असेलच असं नाही. लीस्ट काउंट आणि अचूकता यांतला फरक गेल्या वेळी सांगितला होता, तो इथे कामी येतो.

लांबीसाठी हा कॅलिपर पुरेसा आहे. .३०८च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. कापून ठेवायची प्रचलित लांबी २.००५ इंच. दोन्हींत दहा थाउचं अंतर आहे आणि तेवढ्या खिडकीत कॅलिपर आरामात काम करतो.

खांद्याचं काम नाजूक असतं. खांदा उतरता असल्याने कॅलिपरचा जबडा त्यावर नेमका टेकत नाही. त्यासाठी कंपॅरेटर लागतो, म्हणजे ठरावीक व्यासाचं भोक असलेला एक छोटा ठोकळा. तो कॅलिपरच्या जबड्याला बसवायचा, भोक खांद्यावर टेकतं आणि तिथपासून बुडापर्यंतचं माप मिळतं. मात्र हे माप तुलनेचं आहे. तुमच्या ठोकळ्यावर आलेला आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून पाहू नका. तुमच्याच बंदुकीतून उडालेली पुंगळी आधी मोजा, मग तीच डायमधून काढून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक तेवढा तुमच्या कामाचा.

हा फरक बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये एक ते दोन थाउ असावा, असं बहुतेक स्पर्धक मानतात. आता गंमत पाहा. मोजायचं दोन थाउ आणि अवजाराची अचूकता एक थाउ! मग काय करायचं? एकच पुंगळी पाच वेळा मोजायची, दर वेळी अंगठ्याचा दाब सारखा ठेवायचा, आधी शून्य तपासायचं आणि एकाऐवजी दहा पुंगळ्यांचा कल पाहायचा. महागडं यंत्र घेण्याआधी हात बसवणं स्वस्त पडतं.

हे दोन थाउ इतके महत्त्वाचे का? समजा डाय जास्त खाली बसवली आणि खांदा दर वेळी आठ-दहा थाउ मागे ढकलला गेला. प्रत्येक बाराला पुंगळी तेवढी पुढे ताणली जाते आणि ताण येतो तो बुडाच्या जरा वर. तिथे पितळ पातळ होत जातं आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि गरम वायू मागे, नेमबाजाच्या दिशेने येऊ शकतो. नेमबाजीच्या मैदानावर चष्म्याशिवाय उभं राहू देत नाहीत, त्यामागचं हे एक कारण.

याची आगाऊ सूचना मिळते. बुडाच्या वर बाहेरून एक चकाकती कडी दिसू लागते. आणि याचं तपासणीचं अवजार जवळजवळ फुकट आहे. एक तार घ्या, टोक घासून काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. टोक कुठे खळग्यात अडखळलं, तर ती पुंगळी भंगारात टाका, तीही पक्कडीने चेपून, म्हणजे चुकून परत बाकावर येणार नाही.

साफसफाई : चकाकी हा निकष नव्हे

साफसफाईच्या तीन पद्धती आहेत. थरथरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालून कोरडी सफाई, फिरत्या पिंपात पाणी आणि स्टीलच्या बारीक सुया घालून ओली सफाई, आणि अल्ट्रासोनिक टाकी. ओल्या पद्धतीने पुंगळी आतून-बाहेरून सोन्यासारखी होते, पण पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाच्या कडा चेपतात. शिवाय मानेच्या आतला काजळीचा पातळ थर पूर्ण निघाला, तर गोळी बसवताना घर्षण वाढतं. म्हणून अनेक काटेकोर स्पर्धक कोरड्या पद्धतीलाच चिकटून आहेत. डायला ओरखडे जाऊ नयेत, एवढी सफाई पुरते.

कोरड्या पद्धतीत मात्र एक धोका आहे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते चुऱ्याच्या धुळीत उतरतं. हे भांडं स्वयंपाकघरात किंवा मुलं खेळतात तिथे चालवू नका. भांड्याला झाकण ठेवा, चुरा घराबाहेर चाळा आणि हात साबणाने धुवा.

दुसरी सूचना : अमोनिया असलेला क्लीनर पितळाच्या जवळही आणू नका. याचा इतिहास आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेच्या साठ्यातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे, म्हणून त्याचं नावच "सीझन क्रॅकिंग" पडलं. काडतुसं तबेल्यांच्या आसपास ठेवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून आकार देताना आत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की तडा. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली हे कोडं उलगडलं. ताण काढायचा उपाय म्हणजे पितळाला बेताची उष्णता देणं.

मान नरम करणं

उष्णतेवरून पुण्याची तांबट आळी आठवते. भांडं ठोकून ठोकून कडक झालं की कारागीर ते तापवतो आणि मग पुन्हा ठोकतो. पुंगळीच्या मानेचं अनीलिंग म्हणजे हेच. कडक मान डायमधून निघाल्यावर स्प्रिंगसारखी उसळते, गोळीवरची पकड प्रत्येक पुंगळीत वेगळी होते आणि शेवटी मानेला चीर जाते.

फरक एवढाच, की तांबट अख्खं भांडं तापवतो. इथे फक्त मान आणि खांदा तापला पाहिजे, बूड नाही. बुडालाच दाब पेलायचा असतो, ते नरम पडलं तर पुंगळी वापरायलाच नको. साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर पितळ बदलू लागतं असं धरतात, म्हणून बुडाजवळ तेवढी उष्णता पोहोचता कामा नये. आणखी एक गैरसमज : तापलेली पुंगळी पाण्यात टाकल्याने पितळ कडक होत नाही. ती पोलादाची तऱ्हा. पितळ पाण्यात टाकतात ते उष्णता खाली बुडाकडे सरकू नये म्हणून.

इथे अवजारांच्या तीन पायऱ्या आहेत. हातातला गॅस टॉर्च, पुंगळ्या आपोआप ज्योतीसमोर फिरवणारं यंत्र आणि इंडक्शनचं यंत्र. तिन्हींमध्ये धातू तोच आणि भौतिकशास्त्रही तेच. बदलतो तो वेळेचा काटेकोरपणा. हाताने धरलं तर एक पुंगळी चार सेकंद तापते आणि दुसरी सहा. इंडक्शन यंत्र दर वेळी तेवढीच ऊर्जा देतं, म्हणून ते महाग. वर्षाला शंभरेक पुंगळ्या वापरणाऱ्याला ते पैसे वसूल होणार नाहीत. जो दर आठवड्याला स्पर्धेत उतरतो आणि एकेक पुंगळी दहा-बारा वेळा वापरतो, त्याने विचार करावा.

डाय : इथे आम्ही फसलो होतो

आमचा स्वतःचा किस्सा सांगतो. आमच्या गटाच्या काडतुसांत गोळी किंचित वाकडी बसायची. पुंगळी फिरवून डायल गेज लावला की काटा चार-पाच थाउ हलायचा. आम्ही ठरवून टाकलं, की मानेची भिंत एका बाजूला जाड असणार. लगेच मान बाहेरून खरवडून सारखी करायचं अवजार मागवलं. दोन शनिवार रविवार खरवडत बसलो. काटा हलायचा तो हललाच!

मग एकाने साधी गोष्ट केली. प्रत्येक पायरीनंतर मोजलं. उडालेली पुंगळी सरळ होती. डायमधून बाहेर आली की वाकडी. डायच्या आत दांडीवर एक गोळा असतो, तो पुंगळी बाहेर येताना मानेतून ओढला जातो आणि मान आतून मोठी करतो. आम्ही मानेच्या आत वंगण लावतच नव्हतो. कोरडा गोळा करकरत मान वाकवून जायचा. गोळा काढला, मान वेगळ्या मँड्रेलने वरून खाली ढकलून मोठी केली, काटा शांत झाला. खरवडायचं अवजार अजून डब्यात आहे.

तर डाय निवडताना : पूर्ण अंग दाबणारी फुल-लेंग्थ डाय बहुतेकांनी घ्यावी. नुसती मान दाबणाऱ्या डायने पुंगळी कमी झिजते, पण काही बारांनंतर अंग इतकं फुगतं की बोल्ट जड बंद होतो. बुशिंग डायमध्ये मान किती दाबायची ते बुशिंग बदलून ठरवता येतं. हे उपयोगी आहे, पण मानेची भिंत किती जाड आहे हे माहीत असेल तरच. आतली बाजू गोल असल्याने ती भिंत गोल टोकाच्या मायक्रोमीटरनेच मोजावी. आणि बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला वंगण लावल्याशिवाय कुठलीही डाय वापरू नका, कार्बाइडचीसुद्धा. अडकलेली पुंगळी भोक पाडून, आटे पाडून, स्क्रूने ओढून काढावी लागते.

लांबी कापणं, कडा आणि प्रायमरची खोबण

लांबी दाबल्यानंतर मोजायची, आधी नाही, कारण दाबताना ती वाढते. जास्त लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन अडतं, गोळीला चिमटा बसतो आणि दाब अनपेक्षित वाढतो. सुरक्षेचा दुसरा मोठा प्रश्न हाच.

ट्रिमरचे दोन प्रकार आहेत. छोट्या लेथसारखा ट्रिमर बुडापासून माप धरतो. विजेवर चालणारे झटपट ट्रिमर बहुधा खांद्यापासून धरतात. दुसऱ्या प्रकारात खांदे सारखे नसतील, तर लांबीही सारखी येणार नाही. पण आठवा, आपल्याला दहा थाउची खिडकी आहे. दोन थाउ इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. म्हणून ट्रिमरवर पैसे टाकायचे ते वेळ वाचवण्यासाठी, अचूकतेच्या नावाखाली नाही. कापल्यावर आतून-बाहेरून बर काढा, नाहीतर गोळीला ओरखडा जातो.

प्रायमरबद्दल एक मजेशीर उलटापालट आहे. हायरम बर्डन हे अमेरिकन, पण त्यांची रचना युरोपात जास्त रुजली. एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश, त्यांची रचना अमेरिकेत घरोघरी. बॉक्सर पुंगळीत मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे साध्या पिनेने जुना प्रायमर पाडता येतो. बर्डनमध्ये दोन भोकं बाजूला असतात, पिन मध्ये आपटून तुटते. अनोळखी पुंगळी आली की आत टॉर्च मारून पाहा. भोकाचा व्यासही पाहा. नेहमीचं भोक सुमारे २ मिलिमीटरचं, पण काही अचूक नेमबाजीच्या पुंगळ्यांत ते १.५ मिलिमीटर असतं आणि नेहमीची पिन त्यात अडकते. लष्करी पुंगळीत प्रायमर कडा दाबून पक्का केलेला असतो, ती कडा आधी काढावी लागते. खोबणीची खोली सारखी करणं आणि भोकाची आतली बर काढणं ही कामं पुंगळीच्या आयुष्यात एकदाच करायची. साधं हातातलं अवजार पुरतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*नव्या कोऱ्या पुंगळ्यांना काही करावं लागतं का?*
तोंडं प्रवासात चेपलेली असतात, म्हणून मँड्रेल फिरवा, लांबी तपासा, कडा साफ करा. बाकी पहिल्या बारानंतर ठरवा, तोवर ती तुमच्या चेंबरच्या मापाची झालेली नसते.

*वजन करून पुंगळ्या वेगळ्या कराव्यात का?*
आपल्याला हवं असतं ते आतलं आकारमान, वजन हा त्याचा अंदाज. बुडाच्या कडेला धातू कमी-जास्त असला तरी वजन बदलतं, आतली जागा नाही. एकाच कंपनीच्या एकाच लॉटच्या पुंगळ्या एकत्र ठेवा आणि प्रत्येक लॉट किती वेळा वापरला ते डब्यावर लिहा. ही सवय तराजूपेक्षा मोलाची.

*मग मान खरवडणं निरुपयोगी म्हणायचं का?*
नाही. बेंचरेस्ट स्पर्धेत ६ मिलिमीटर पीपीसीसारख्या काडतुसांसाठी चेंबरची मान मुद्दाम घट्ट ठेवतात. तिथे खरवडणं सक्तीचंच असतं, नाहीतर मान फुगायला जागा न मिळून दाब वाढतो. कारखान्यात बनलेल्या ऐसपैस चेंबरला त्याचा फारसा उपयोग नाही.

*पैसे मोजकेच असतील तर कशावर घालावेत?*
चांगला कॅलिपर, खांद्याचा कंपॅरेटर, एक नीट फुल-लेंग्थ डाय, वंगण, साधा ट्रिमर आणि वाकवलेली तार. सोबत एक वही. सहा महिने वहीत आकडे लिहा. सातव्या महिन्यात कुठलं अवजार घ्यायचं ते वहीच सांगेल. आणि एखाद्या पुंगळीबद्दल शंका आली, तर ती वाचवायला जाऊ नका, चेपून भंगारात टाका.

पुढच्या वेळी डायल गेज घेऊ, म्हणजे काटा हलतो तेव्हा नेमकं काय हलत असतं ते पाहू.